भागिले ३६५

जिमचा वार्षिक सभासद म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर कोणीतरी आलाच असेल. नाव सांगू नका, प्रत्येक ऑफिसात एक असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डबा उघडण्याआधी तो मोबाइल उघडतो, कॅल्क्युलेटर काढतो आणि टेबलावरच्या सगळ्यांना दिसेल असा धरतो. बारा हजार, भागिले ३६५. उत्तर येतं ३२ रुपये ८८ पैसे. ‘‘दिवसाला फक्त तेहतीस रुपये! एवढ्यात हल्ली धड दोन वडापाव येत नाहीत,’’ असं तो दुसरा वडापाव खाता खाता सांगतो. जिमच्या फीवरच तो थांबला तर एक वेळ चालेल, पण ३६५ हा त्याचा कुलदेवतेसारखा आकडा आहे. चारशे रुपयांचा दिवाळी अंक त्याला दिवसाला एक रुपया दहा पैशांत पडतो. चोवीस हजारांची गादी दहा वर्षं टिकली तर रात्रीला साडेसहा रुपये. साखरपुड्याला शिवलेला कोट आजवर तीनदा अंगावर चढला असेल, पण तोही त्याने ३६५नेच भागला होता आणि स्वस्तात पडला म्हणून खूश झाला होता. या माणसाशी वाद घालणं अवघड, कारण भागाकार त्याचा कधीच चुकत नाही. चुकतो तो भाजक. आणि जिमचे पैसे भरावेत की नाही हा सगळा प्रश्न त्या भाजकात आहे असं माझं म्हणणं आहे.

यावर अभ्यासही झालेला आहे. स्टेफानो देलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचं शीर्षक मराठीत आणायचं तर ‘जिमला न जाण्याचे पैसे’ असं आणता येईल. अमेरिकेतल्या तीन क्लबांमधल्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची रोजची हजेरी त्यांनी तपासली. महिन्याला ७० डॉलरहून जास्त ठरावीक फी भरणाऱ्यांना एकेक फेरी १७ डॉलरहून महाग पडत होती. त्याच क्लबात दहा फेऱ्यांचा पास मिळायचा आणि त्यात फेरीला १० डॉलरच लागायचे. सभासदत्वाच्या काळात अशा माणसाने सरासरी ६०० डॉलर उगाच घालवले. त्याहून बोलका आकडा पुढचा. जिममध्ये शेवटचं पाऊल टाकल्यावर सभासदत्व रद्द करायला लोकांनी सरासरी दोन महिन्यांहून जास्त वेळ लावला, म्हणजे तेवढे महिने ते अजून जिमला जात होते, फक्त मनातल्या मनात. ही माणसं अडाणी नव्हती. त्यांना गुणाकार-भागाकार येत होता, स्वतःचा अंदाज तेवढा येत नव्हता. आपल्या वार्षिक सभासदाकडे तर रद्द करण्याचीही सोय नसते, कारण तो सगळे पैसे पहिल्याच दिवशी मोजून मोकळा होतो. वर्षाला ऐंशी फेऱ्या झाल्या तर त्याला फेरी दीडशे रुपयांना पडते, चाळीस झाल्या तर तीनशेला. हा हिशेब डिसेंबरात करता येत नाही, कारण तेव्हा भाजक जन्मालाच आलेला नसतो. मग रिकाम्या जागी ३६५ घातला जातो, आणि जिमच्या काउंटरवरची मुलगी हसून मान डोलावते, कारण हा भागाकार तिच्याच माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापलेला असतो.

सभासद होण्याचा मुहूर्तही ठरलेला असतो. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर जिममधली हजेरी वाढते. नवा आरंभ दिसला की जुना आळशी माणूस आपण नव्हेच असं वाटू लागतं. अमेरिकेत अशा आरंभांचा तसा तुटवडाच. आपल्याकडे एक जानेवारी आहेच, शिवाय साडेतीन मुहूर्त आहेत, गणपती उठल्यानंतरचा सोमवार आहे आणि रक्ताचा रिपोर्ट हातात पडल्यानंतरची ती भीषण संध्याकाळ आहे. वार्षिक सभासद यांतला एकही वाया घालवत नाही. पितृपक्षात मात्र तो काही सुरू करत नाही, कारण अंगात घाम नसला तरी श्रद्धा असते. बूट येतात, बॅग येते, प्रोटीन हलवायचा शेकर येतो, आणि हे सगळं ३६५ने भागून झाल्यावर जवळजवळ फुकटच पडतं. २२ सप्टेंबर २०२५पासून जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा याच्या घरात दिवाळी लवकर झाली. ‘‘दिवसाला सव्वाचार रुपये वाचले!’’ कर कमी झाला तरी जिमवाल्यांना आपल्या खर्चावरच्या कराची वजावट मिळणं बंद झालं, त्यामुळे तेरा टक्के जसेच्या तसे गिऱ्हाइकाच्या पदरात पडतीलच असं नाही, हे त्याला कोणी सांगायला गेलं नाही. त्याची मेंबरशिप तेव्हा पावसामुळे ‘फ्रीज’ होती.

आता त्याचा युक्तिवादही ऐकायला हवा, कारण तो अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो, पैसे अडकले की माणूस आपोआप जातो, पैसा बोचतो. बोचतो हे खरं, पण किती दिवस? जॉन गूरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी सहामाही फी भरणाऱ्या सभासदांची हजेरी पाहिली. फी भरल्यानंतर लगेच ती सर्वांत जास्त असायची, मग ओसरत जायची आणि पुढची फी भरली की पुन्हा उसळायची. दर महिन्याला फी भरणाऱ्यांची हजेरी मात्र बऱ्यापैकी एकसारखी होती. यातून निघणारा सल्ला सरळ आहे : बोचणी हवी असेल तर ती दर महिन्याला विकत घ्यावी. समजा वर्षाचे बारा हजार आणि महिन्याचे दोन हजार असा दर असेल, तर सहा महिन्यांहून कमी काळ टिकणाऱ्या माणसाला मासिक फीच स्वस्त. हे वार्षिक सभासदाला सांगून पाहा. तो शांतपणे कॅल्क्युलेटर काढेल, दोन हजारांना तिसाने भागेल आणि ‘‘दिवसाला सहासष्ट? दुप्पट?’’ असं म्हणून तुमच्याकडे अशा दयेने पाहील की पुढे बोलायची सोय उरणार नाही.

दुसरा आक्षेप त्याचा नाही, त्याच्या सोसायटीतल्या निवृत्त काकांचा आहे. काका म्हणतात, पैसे कसले भरता? जोर मारा, बैठका काढा, सूर्यनमस्कार घाला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आख्ख्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावले, त्याला यंत्र लागलं नाही की एसी लागला नाही. काका म्हणतात ते खरं आहे, पण जुन्या काळचं ते फुकट होतं असं जे गृहीत धरतात ते खरं नाही. कोल्हापूरच्या मल्लांमागे शाहू महाराजांचा राजाश्रय होता. दूध-तूप-बदामाचा खुराक ही तेव्हाही चैनच होती, फक्त तिचं बिल दुसऱ्या कोणाच्या नावे फाटायचं. अमरावतीचं १९१४चं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ किंवा पुण्याचं १९२४चं महाराष्ट्रीय मंडळ घ्या. तिथेही माणसं जोडावी लागली, पैसा उभा करावा लागला. तालमीकडे एक गोष्ट मात्र होती, जी आजच्या झगझगीत जिमपाशी नाही. पोरगा दोन दिवस लाल मातीत दिसला नाही तर वस्ताद विचारायचा, आणि वस्तादाने नाही विचारलं तर गल्ली विचारायची. आजचं जिम तुमची गैरहजेरी मशीनमध्ये नोंदवतं आणि अकरा महिने त्यावर चकार शब्द काढत नाही. बाराव्या महिन्यात मात्र ‘वुई मिस यू’ असा संदेश सवलतीसकट येतो. यात जिमवाल्याला खलनायक ठरवायचं कारण नाही. त्याचं गणित गैरहजेरीवरच उभं आहे. सगळे वार्षिक सभासद एकाच संध्याकाळी सात वाजता आले, तर ट्रेडमिलची रांग जिन्यावरून खाली मेडिकलच्या दुकानापर्यंत जाईल.

तर मग जिम म्हणजे बुडीत खातंच का? मला तसं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस अशी आहे की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. पहिली अट टेकडीवर, रंकाळ्यावर किंवा शिवाजी पार्काच्या कट्ट्याभोवती फुकट पुरी होते. दुसरीसाठी वाढत जाणारं वजन लागतं, आणि घरातल्या पाण्याच्या बादलीचं वजन एका मर्यादेपुढे वाढत नाही. शिवाय जागेचा प्रश्न सगळ्यांना सारखा नसतो. रात्री नऊ वाजता मोकळी होणाऱ्या बाईला कित्येक गावांत कोणाच्या नजरा न झेलता घाम गाळायला दार असलेला, उजेड असलेला एखादा हॉलच काय तो असतो. तिला फेरी दीडशेला पडली तरी महाग म्हणायचं धाडस मी करणार नाही. २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला होता. त्यामुळे आठवड्याला दोनदा जाणारा, म्हणजे वर्षाला शंभरेक फेऱ्या करणारा माणूसही माझ्या मते पैसे वसूल करतो. फेरी सव्वाशेच्या आत पडते, आणि गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जावं लागलं तर तिथली फेरी काय पडते ते विचारून पाहा.

खरी गोम इथेच आहे. वार्षिक सभासद आठवड्याला दोनदा जाण्यात समाधान मानूच शकत नाही, कारण त्याने ३६५ने भागलेलं आहे. पहिल्या दिवशी जो आकडा जिम स्वस्त करतो तोच पुढे प्रत्येक चुकलेल्या दिवसाला ३३ रुपयांचा दंड लावतो. चुलतबहिणीच्या हळदीला गेला, ३३ बुडाले. खांदा धरला, चार दिवस, १३२. पंधरा दिवस गेला नाही की पाचशे रुपये बुडाल्याचं ओझं घेऊन परत जायचं, आणि वर त्या ट्रेनरने ‘‘काय साहेब, बऱ्याच दिवसांनी’’ म्हणायचं. त्यापेक्षा न गेलेलं बरं. मंगळवार-शुक्रवार असं म्हणाला असता तर त्या पंधरा दिवसांत त्याचे चार-पाच दिवस चुकले नसते का? चुकलेच असते, पण ते भरून काढण्याजोगे वाटले असते.

आणि आता, नाइलाजाने, त्याच्या बाजूने चार शब्द. रोज पहाटे साडेपाचला जिमचं शटर उघडतं तेव्हा पहिला आत शिरणारा पोरगा बहुधा पोलीस भरतीची तयारी करणारा असतो. तो वर्षातले तीनशे दिवस येतो, त्याला फेरी चाळीस रुपयांना पडते, आणि त्या चाळिसात जिमचं भाडं, वीज, ट्रेनरचा पगार, ट्रेडमिलचा पट्टा यांतलं काहीही धड भागत नाही. ते भागतं आपल्या वार्षिक सभासदाच्या न केलेल्या व्यायामावर. एकेकाळी राजे मल्ल पोसत. आता ते काम बॅक ऑफिसमधला एक सुटलेल्या पोटाचा माणूस करतो, पावतीवर करसवलत न घेता आणि आपण काही थोर करत आहोत याची गंधवार्ताही नसताना.

त्याच्या भागाकाराकडे जरा वेगळ्या बाजूने पाहिलं तर मला त्याची कीव येत नाही, वाईट वाटतं. सकाळी ७.१२ची लोकल, ऑफिसात दहा तास, परतीच्या प्रवासात उभ्याने सव्वा तास, मग मुलीच्या क्लासबाहेर अर्धा तास, वडिलांच्या गोळ्या, सोसायटीची मीटिंग. ज्या ३६५ दिवसांनी तो बारा हजारांना भागतो, त्यांतले त्याचे स्वतःचे किती असतात? काउंटरवर उभा राहून तो आकडे दाबतो, तेव्हा दहा मिनिटं का होईना, ते सगळे दिवस त्याच्या नावावर असतात. तेवढ्यासाठी तो पैसे देत असेल तर त्याला मूर्ख म्हणवत नाही. पण मग त्याला लागणारी वस्तू जिमकडे मिळतच नाही. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, मी घरातल्या कोणाच्याही कामाचा नाही, एवढं त्याला आधी घरात ठरवून घ्यावं लागेल. ते दोन तास मिळाले तर घरापासून चालत पाच मिनिटांवरचं जिम बघावं, तीन महिन्यांचेच पैसे भरावेत आणि पुढचं पुढे पाहावं. नाही मिळाले तर पैसे खिशात ठेवून स्टेशनवरून रिक्षाऐवजी पायी यावं. अडचण एवढीच की जिमवाल्याशी पाऊण तास हुज्जत घालून बॅग, शेकर आणि जादाचे दोन महिने पदरात पाडून घेणाऱ्या या माणसाला घरात एक तास मागायला अजून जमलेलं नाही.