तेरा दिवसांची जहागीर

सगळ्यांच्या आधी पाहून येणारा एक माणूस प्रत्येक गावात लागतोच. आमच्या नशिराबादला पूर्वी हे खातं सिनेमाच्या शौकिनांकडे होतं. शुक्रवारी जळगाव नाहीतर भुसावळ गाठायचं, पहिला खेळ पाहायचा आणि रात्री पारावर बसून पाट्यांपासून शेवटापर्यंत अख्खा पिक्चर सांगायचा. मारामारी हातवाऱ्यांनी, गाणी तोंडाने, आणि हिरोईन रडली तिथे स्वतः नाक ओढायचं. शेवट फोडला म्हणून कोणी रागवत नसे. तिकिटाचे पैसे वाचवले म्हणून उलट चहा पाजत.

आमचा लेव्हलभाऊ याच घराण्यातला, पण उलट्या काळजाचा. तो सगळ्यांच्या आधी पाहून येतो आणि सांगत मात्र काहीच नाही.

त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, तिथेच राहू दे. दहावी झाली तेव्हा हा म्हणाला, ‘एक लेव्हल संपली.’ पॉलिटेक्निक झालं, दुसरी संपली. जळगावच्या एमआयडीसीत एका चटई कारखान्यात हिशेबाला लागला, तेव्हाही हेच. तेव्हापासून गावाने हे नाव लावलं. लग्नाचा विषय निघाला की म्हणतो, ‘अजून डेव्हलपमेंटमध्ये आहे.’ अंगात काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या तोंडाचा एक शिंगवाला किडा. दोन्ही हातांचे अंगठे कायम वाकलेले. नमस्कार करतानाही हाताच्या मध्ये न दिसणारा रिमोट धरलाय असंच वाटतं.

याची साधना लहानपणीची. टीव्हीला जोडायच्या त्या गेमच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत मोजून दहा-बारा खेळ पुन्हापुन्हा निघायचे. बाकीची पोरं मारिओवर समाधानी होती, हा मात्र नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवाव्यापर्यंत बटण दाबत गेला. शेवटी पुन्हा मारिओच निघाला, पण आपण जाऊन पाहून आलो याचं तेज त्याच्या तोंडावर तेव्हापासून आहे. पुढे २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीवर बंदी घातली आणि गावातली पोरं चार दिवस सुतक पाळल्यासारखी बसली, तेव्हा हा एकटा कोरडा होता. मोबाइलवर खेळतात त्याला तो खेळ मानत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा ‘राजी’ हा खेळ त्याच वर्षी जगभर गाजला, विष्णू आणि दुर्गा असलेला, आपल्या मातीतला. त्याचं याने कौतुक केलं, पण तोंडदेखलं. पुणं शिवशाहीने गाठता येतं. तिथे आधी जाऊन पाहण्यात पुरुषार्थ तो काय?

त्याचा जीव अडकला होता ‘सिल्कसाँग’मध्ये. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला टीम चेरी नावाची तीन-चार माणसांची टोळी आहे. त्यांनी २०१७ मध्ये ‘हॉलो नाइट’ काढला. किड्यांचं एक बुडालेलं राज्य आणि त्यात हातभर तलवार घेऊन फिरणारा एक मुका किडा. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचा पुढचा भाग जाहीर झाला. त्यात नायिका हॉर्नेट, म्हणजे गांधीलमाशी, आणि तिची हत्यारं सुई आणि रेशमाचा धागा. जाहीर झाला आणि टोळी गप्प बसली. एक वर्ष, दोन वर्षं, सहा वर्षं. जगभरातले भक्त वेडेपिसे झाले, लेव्हलभाऊ मात्र स्थिर. आमच्या शेजारच्या तरसोदपासून फागण्यापर्यंतचं महामार्गाचं रखडलेलं चौपदरीकरण ज्याने रोज ड्युटीला जाता-येता पाहिलंय, त्याला तारीख पुढे जाण्याचं काय एवढं?

दर वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत कोलोनला गेम्सकॉम हा गेमचा मेळा भरतो. २००९ पासून तिथेच. पाच दिवसांत साडेतीन लाखांच्या घरात माणूस येतो आणि बाजारात न आलेले खेळ रांगेत उभं राहून थोडा वेळ खेळून पाहतो. २०२५ च्या उन्हाळ्यात लेव्हलभाऊने ठरवलं, ‘या वर्षी सिल्कसाँग तिथे येणार.’ कोणी सांगितलं? कोणीच नाही. त्याला आतून वाटलं. या आतल्या वाटण्यावर त्याने पासपोर्ट काढला, मुंबईला बोटांचे ठसे देऊन आला, ९० युरो व्हिसाची फी भरली आणि तीस हजार युरोंचा विमा उतरवला. सगळा मिळून दीड लाखाच्या पुढे खड्डा. सोनं तेव्हा तोळ्याला लाखाच्या आसपास होतं. त्याच्या आईने हिशेब तोळ्यांत केला आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

पासपोर्टाच्या चौकशीला हवालदार घरी आला तेव्हा ओट्यावर नाना, म्हणजे लेव्हलभाऊचे वडील, कपाशीची फवारणी करून पाय धूत बसले होते.

‘‘पोरगा परदेशी कशाला जातोय?’’

‘‘किडे पाहाले,’’ नाना म्हणाले.

हवालदाराने समजूतदारपणे मान हलवली. कृषी खात्याचे अभ्यासदौरे त्याला माहीत होते. नानांच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी. अशा घरातला मुलगा किडे पाहायला जर्मनीला जातो यात संशयास्पद काय आहे? आजीचं म्हणणं वेगळं होतं. ‘‘काय रे भो, किडे पाहाले इतक्या लांब कुठी चालला? आपल्या वावरात काय कमी हायेत का?’’

व्हिसाच्या अर्जाबरोबर जोडायचं पत्र मी लिहून दिलं. प्रवासाचा उद्देश ‘पर्यटन’ लिहू म्हटलं तर याला पटेना. ‘‘खोटं कशाला लिहायचं? खेळायला जातोय असं लिहा.’’ मी विचारलं, ‘‘कोणता खेळ?’’ तर म्हणाला, ‘‘अजून आलेला नाही तो.’’ शेवटी पर्यटनच लिहिलं. नशिराबादचं नाव परदेशात न्यायला हा काही पहिला नव्हे. आमच्या झिप्रू अण्णा महाराजांनी स्वामी मुक्तानंदांना गणेशपुरीची वाट दाखवली आणि मुक्तानंदांनी अण्णांचं नाव थेट अमेरिकेपर्यंत पोचवलं. पण अण्णा स्वतः गाव सोडून गेले नाहीत. त्यांना व्हिसाची गरज नव्हती.

मेळ्याच्या तोंडावर खरंच जाहीर झालं, की सिल्कसाँग कोलोनला खेळायला ठेवणार! लेव्हलभाऊला त्या दिवशी पाहायला हवं होतं. त्याने ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हटलं नाही. फक्त टोलनाक्याजवळच्या टपरीवर सगळ्यांचे चहाचे पैसे दिले आणि अंगठे वाकवून उभा राहिला.

एकच गोम होती, पोळा. त्या वर्षी पोळा २२ ऑगस्टला आला आणि याचं मेळ्याचं तिकीटही नेमकं त्याच शुक्रवारचं. घरात एकुलता एक मुलगा, दारात बैलजोडी, आणि पोळ्याला पोरगा जर्मनीत! नानांनी शिंगं एकट्याने रंगवली. एक निळं, एक लाल. विचारलं तर म्हणाले, ‘‘दुसरा रंग त्याने आणायचा होता.’’

आईने अबोला सोडला तो बट्ट्या बांधून देताना. वरण-बट्टीतल्या तळलेल्या बट्ट्या प्रवासात टिकतात. सोबत केळीचे वेफर्स, बिबडे, मिरचीचा ठेचा. तुपाची बरणी मात्र याने काढून ठेवली. बाहेरून येणाऱ्याला युरोपात दुधातुपाचं काही नेता येत नाही, हा नियम त्याने वाचून ठेवला होता. तूप नसलेली बट्टी म्हणजे काय वस्तू असते हे खानदेशी माणसाला सांगायला नको. जर्मन माणसाला ते सांगायची वेळ आली, ते पुढे.

फ्रँकफर्टला उतरून तासाभरात रेल्वेने हा कोलोनला पोचला. स्टेशनाच्या दारातच तिथलं ते प्रचंड चर्च. १५७ मीटर उंच, १२४८ साली काम सुरू केलं आणि १८८० साली पुरं झालं. याने त्या चर्चचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘यांना ६३२ वर्षं लागली.’ एवढंच. हा टोमणा ॲडलेडच्या टोळीला होता की चौपदरीकरणाच्या ठेकेदाराला, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत.

हा पोचला २१ तारखेला. रांग उद्याची. आणि त्याच दिवशी, साडेसहा वर्षं तोंड शिवून बसलेल्या टीम चेरीने तोंड उघडलं. सिल्कसाँग ४ सप्टेंबरला जगात सगळीकडे मिळणार. म्हणजे दोन आठवड्यांनी, आमच्या गणपतीत, नशिराबादच्या कोणत्याही पोराला तो घरात लोळत मिळणार होता. आणि हा दीड तोळा सोनं मोडून पंधरा-वीस मिनिटांसाठी जर्मनीत येऊन बसलेला.

गावात बातमी आली तेव्हा आम्हाला वाईट वाटलं. कोणीतरी फोन लावला, म्हणालं, ‘‘भाऊ, फिरून घे आता. नदी पाहा, चर्च पाहा, उगाच रांगेत उभा राहू नको.’’ पलीकडून लेव्हलभाऊचा आवाज इतका आनंदी होता की लावणाऱ्याला वाटलं, याला अजून बातमी कळलीच नाही.

‘‘अरे, आता तर उभं राहायलाच पाहिजे! चारला सगळेच खेळणार ना. मग माझे तेरा दिवस.’’

या माणसाचं मर्म मला त्या वाक्यात कळलं. खेळ तर कोणीही खेळेल. त्याला हवी होती ती बाकीच्यांच्या आधीची मोकळी जागा, बाईंनी वर्गात यायच्या आधी पोचलेल्या मुलाला मिळते तशी. खेळ कधीच आला नसता तर हा दुःखी झाला असता, पण आजच सगळ्यांना मिळाला असता तर उद्ध्वस्त झाला असता. तारीख जाहीर झाल्याने त्याच्या जहागिरीला चतुःसीमा मिळाली : पलीकडे २२ ऑगस्ट, अलीकडे ४ सप्टेंबर.

रांगेची हकीकत त्याने सांगितली, कारण रांग हा खेळाचा भाग नव्हे. तिथली माणसं घडीची स्टुलं घेऊन येतात, शांतपणे बसतात, कोणी ढकलत नाही. प्रवेशाला वय पाहून मनगटावर रंगीत पट्टा बांधतात. तीन तास झाले, याला लघवी लागली. याने आपल्याकडे रेशनच्या रांगेत करतात ते केलं : जागेवर पिशवी ठेवली, मागच्याला खुणेने ‘बघ रे’ म्हटलं आणि गेला. परत आला तर पिशवीभोवती मोकळं रिंगण आणि मध्ये एक सुरक्षारक्षक वाकून आत पाहतोय. आत बिनतुपाच्या बावीस बट्ट्या. वाटोळ्या, घट्ट, तांबूस, आणि ठोकल्यावर टणक वाजणाऱ्या.

लेव्हलभाऊचं इंग्रजी खेळातलं : जंप, डॅश, रीलोड, बॉस. यातला एकही शब्द त्या प्रसंगी उच्चारण्यासारखा नव्हता. त्याने एक बट्टी उचलली, गुडघ्यावर आपटून फोडली, ठेच्यात बुडवली आणि खाल्ली. रक्षकाने दुसरी मागून घेतली. वास घेतला, चावली आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तसा मान हलवून निघून गेला. मागच्या पोराने, जो डोक्यापासून पायापर्यंत किड्याच्या वेशात होता, मुखवटा वर करून केळीचे वेफर्स मागितले. पुढचे दोन तास बरे गेले.

आणि मग आत गेला, खेळला, बाहेर आला.

याच्यापुढे काही नाही. म्हणजे आहे, पण तो सांगत नाही. गावी आला तेव्हा गणपती बसायला आले होते. मंडळाच्या मांडवात पोरांनी घेरलं. काय आहे रे आत? पहिला बॉस कोण? नकाशा केवढा? लेव्हलभाऊ म्हणाला, ‘‘स्पॉयलर होईल.’’ चहा पाजला तरी नाही. वडापाव दिला तरी नाही. पारावरच्या जुन्या शौकिनांना हे भलतंच लागलं. एक जण म्हणाले, ‘‘आम्ही ‘शोले’ सांगितला तेव्हा गब्बर धरला गेला हेसुद्धा लपवलं नाही. आणि तू साध्या किड्याचं सांगत नाहीस?’’

एकच गोष्ट त्याने स्वतःहून सांगितली आणि तीही अभिमानाने, की तो तिथे चार वेळा मेला. त्या पंधरा-वीस मिनिटांत चार वेळा! या खेळात मरणं हीच प्रतिष्ठा असते, असं त्याचं म्हणणं. पण हे वाक्य आजीच्या कानावर पडलं. नातू परमुलखात चार वेळा मेला आणि घरात सांगतसुद्धा नाही! तिने तिथल्या तिथे मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्याच्या मनगटावर तो पट्टा अजून होताच. तोही तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, विचारलं, ‘‘कोणत्या देवाचा गंडा व्हय हा?’’ आणि उत्तराची वाट न पाहता पट्ट्याला हात लावून पाया पडली.

तेरांपैकी उरलेले दिवस लेव्हलभाऊ गावात वेगळाच चालत होता. कारखान्यात चटयांचे आकडे लिहिताना मध्येच हसायचा. कोणी खेळाचा अंदाज बांधला की भुवई एवढीशी उचलायचा. ‘हो’ पण नाही, ‘नाही’ पण नाही. अंदाज बांधणाऱ्याला रात्री झोप लागत नसे.

४ सप्टेंबर गुरुवारी आला, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी. खेळ आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला खुला होणार होता, आणि मंडळाची आरतीही साडेसातचीच. सव्वासातला मांडवातून एकेक पोरगं गळायला लागलं. झांजा बडवायला म्हातारे उरले. लेव्हलभाऊ लांब, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. चेहरा असा, की संस्थान खालसा होताना राजे असेच उभे राहत असतील.

साडेसात वाजले. सात-चाळीसला पहिलं पोरगं परत आलं. मग दुसरं. सगळ्या जगाने एकाच वेळी विकत घ्यायला झुंबड केली म्हणून ऑनलाइन दुकानांची यंत्रणाच कोलमडली होती. स्टीम उघडेना, बाकीची उघडेनात, पैसे भरता येईनात. काही तास तरी लागतील, असं पोरं म्हणत होती. पोरं रडकुंडीला आली. आणि लेव्हलभाऊ खांबापासून सुटा झाला, सरळ पुढे आला, एका आजोबांच्या हातातलं तबक मागून घेतलं आणि खड्या आवाजात आरती पहिल्यापासून सुरू केली. एक नाही, पाचही म्हटल्या, शेवटी मंत्रपुष्पांजलीसह, कुठेही न घाई करता. मग मोदक घेतला आणि आणखी एक मागितला.