फांदीवाले अण्णा

खारेपाटणात मे महिन्यात वास्तुशांत असली की दोन पाहुणे न बोलावता येतात. एक वळवाचा पाऊस आणि दुसरे अण्णा. पाऊस मांडवात शिरतो. अण्णा मांडवात शिरत नाहीत. ते थेट घरामागे जातात. यजमानाने कुंड्या कुठल्या आणल्या, कर्दळ पिवळी की लाल, चिऱ्यांचे तुकडे किती उरले, हे पाहून झालं की मग पूजेच्या पाया पडतात. निघताना त्यांच्या पिशवीत प्रसाद असतोच, शिवाय वरून जास्वंदीची फांदी डोकावत असते.

अण्णा हे कुणा एकाचं नाव नव्हे. वाडीगणिक एक अण्णा असतो. उभी नोकरी मुंबईत, बिऱ्हाड लालबाग-परळच्या चाळीत, आणि बाग म्हणाल तर गॅलरीत डालड्याच्या डब्यातली तुळस. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून गावी स्लॅबचं घर झालं, पण पैसे घरातच संपले. अंगण उरलं. मग अण्णांनी अंगणाला पैशाऐवजी तत्त्वज्ञान लावलं: जमिनीतून येणाऱ्या वस्तूला पैसे मोजायचे नसतात.

हायवेच्या नर्सरीत ते वरचेवर जातात, पण अभ्यासासाठी. प्रत्येक रोपाची किंमत विचारतात, ऐकून दचकतात आणि नर्सरीवाल्यालाच सुनावतात, ‘पैशे काय झाडाक लागतत?’ ज्याचे पैसे खरोखरच झाडाला लागलेले असतात, तो बिचारा गप्प राहतो. तेवढ्यात क्रोटनची एक फांदी ‘चुकून’ मोडते. मोडलेली फांदी टाकून कशी द्यायची? चोरलेलं रोप हमखास जगतं ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. अण्णांनी तिला शास्त्राचा दर्जा दिला. आता वयनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, विकत आणलेल्या रोपालाही ‘शेजारच्याचां आसा’ असंच सांगतात, नाहीतर अण्णा त्याला पाणी घालत नाहीत.

तसं या गावाचं इतिहासातलं नाव दानासाठी आहे. शिलाहार राजा रट्टराजाचा इथे सापडलेला ताम्रपट शके 930चा, म्हणजे इसवी सन 1008चा. त्यात देवाच्या पूजेअर्चेसाठी गावं दान दिल्याची नोंद आहे. अण्णा त्याच परंपरेतले, फक्त घेणाऱ्या बाजूचे. महामार्गाच्या चौपदरीकरणात लोकांची कुंपणं तुटली तेव्हा सगळे मोबदल्याच्या कागदांमागे धावत होते. अण्णा चिऱ्यांमागे होते. पावसाळ्यात शुक नदी बाजारपेठेत शिरते. पाणी ओसरल्यावर दुकानदार कपाळाला हात लावून गाळ उपसतात, आणि अण्णा घमेलं घेऊन हजर. ‘टाकू नका हां, माका होयो.’ पुराची भरपाई मागणारे पुष्कळ असतात, पूर मागणारा हा एकटाच.

गंमत बाजूला ठेवली तर माणसाला कळतं खूप. नवा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून टणक होतो; म्हणून चार पावसाळे खाल्लेला जुना चिराच पायवाटेला बरा, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पावसात त्यावर शेवाळ धरून पाहुणे आपटतात, तेव्हा ते टाइल्स बसवत नाहीत. माडाची चुडतं अंथरतात, जुन्या खळ्यांत अंथरायचे तशी. न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला. कुंपणाला गिरीपुष्पाचे दांडे: मृगात रोवले की फुटतात, पाला खताला होतो आणि तारेचा खर्च वाचतो. सगळी लावणी मृगाच्या मुहूर्तावर, कारण पुढच्या चार महिन्यांत वरूनच तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडणार आणि त्याचं बिल येत नाही.

मुंबईच्या मुलाला मात्र लॉन हवं होतं. त्याने फोटो पाठवले. अण्णांनी बांधावरची हरळी उपटून अंगणात लावली आणि उलट फोटो पाठवला. हिरवं ते हिरवं. कापायच्या मशीनचा प्रश्न दिवाळीनंतर सुटला. भातं कापून झाली, गुरं उनाड झाली, आणि अण्णांनी फाटकाची कडी काढून ठेवली. ‘कापणी फुकट, वर शेण फुकट.’ गाईने हरळीला तोंड लावलं नाही. अबोली खाल्ली, अनंताचे शेंडे खाल्ले आणि गडग्याच्या खिंडारातून शेजाऱ्याच्या भाजीत उतरली. शेजारी भांडायला आला. जाताना अण्णांनी त्याच्याकडून सोनटक्क्याचा कंद मागून घेतला.

त्यांची वही मी पाहिली आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची, सुतळीने शिवलेली. डावीकडे ‘बाजारभाव’, उजवीकडे ‘आपला खर्च’, आणि उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं. टायरच्या कुंड्या, शून्य. माती, शून्य. मजुरी, शून्य. मजुरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज पडली नाही, कारण मजुरी तेव्हा विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. ‘तेंची बाग फुकट झाली,’ वयनी कळशी टेकवत म्हणाल्या, ‘पण माजां कंबरडां मोडलां, तां खयच्या पानावर लिवलंत?’ अण्णांनी वही मिटली. या वहीत स्वतःचा वेळ, बायकोची पाठ आणि शेजाऱ्याची भाजी यांना भाव नाही. अण्णांची सगळी बचत त्या तीन न लिहिलेल्या रकान्यांतून झालेली आहे.

आणखी एक ठिकाण आहे जिथे त्यांचं शास्त्र थकतं. 1990पासून रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून अख्ख्या कोकणात आंब्या-काजूची कलमं लागली. अण्णा तेव्हा मुंबईत. परत आले आणि कलमाची किंमत ऐकून त्यांनी एका देवगड हापूसचा बाठा जपून पुरला. बाठ्यातून हापूस उतरत नाही, त्यासाठी कलमच बांधावं लागतं, हे गावातल्या पोराटोरांनी त्यांना सांगितलं. झाड दणदणीत वाढलं. बऱ्याच वर्षांनी धरलं, तेव्हा आंबा निघाला रायवळ आणि आंबट. अण्णा त्याला ‘आमचो हापूस’ म्हणतात. वयनी त्याचं लोणचं घालतात.

तेव्हा खारेपाटणाच्या आसपास घर बांधत असाल तर अण्णांना जरूर बोलवा. चिरा, कुंपण, न्हाणीचं पाणी यात त्यांचं ऐका. कलम मात्र पैसे मोजून आणा. आणि बाग दाखवण्याआधी त्यांच्या हातात गरम चहाची कपबशी द्या; बशी सांभाळायला दोन्ही हात लागतात.