कलिंगड ठोकून, झाड डोळे मिटून

आमच्या सोसायटीच्या फलकावर दर मे महिन्यात दोन कागद लागतात. एक टँकरच्या वर्गणीचा, दुसरा फाटकाजवळच्या गुलमोहराचा. यंदाचा मजकूर : 'सदर झाड धोकादायक असून ते तोडण्यासाठी अर्ज करण्यात आला आहे.'

सेक्रेटरींना विचारलं, "धोकादायक कशावरून?"

"अहो, केवढं मोठं झालंय!"

या न्यायानं आमच्या कार्यकारिणीतले निम्मे सभासद धोकादायक ठरतील.

हेच सेक्रेटरी कलिंगड घेताना चार-चार ठोकून पाहतात. झाडाचे जाणकारही तेच करतात. लाकडी हातोडीनं बुंधा ठोकतात. आत पोकळी असेल तर आवाज बदलतो. बरं, पोकळ म्हणजे पडणारच असंही नाही. सायकलची नळीही पोकळच असते. भोवतीचं निरोगी लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचं असेल तर झाड सहसा तग धरतं, असा क्लाउस माटेक या जर्मन अभ्यासकाचा ठोकताळा आहे. मग पाहायचं ते बुंध्याशी उगवलेली अळंबी, बेचक्यात गेलेली चीर आणि झाडाचा कल. लहानपणापासून वाकडं असलेलं झाड बहुधा वाकडंच म्हातारं होतं. पण काल सरळ होतं, आज कललंय आणि एका बाजूची माती उचलली गेलीय, तर अर्ज लिहीत बसू नका. आधी माणसं हलवा.

हे झालं अर्धं गणित. उरलेलं अर्धं झाडाच्या खाली असतं. मोडण्याची शक्यता किती, मोडेल तेव्हा खाली कुणी असण्याची शक्यता किती आणि नुकसान किती, या तिन्हींचा मेळ म्हणजे धोका. ओसाड माळावरचा किडका वड पडला तर पाखरांची घरं जातील; बसथांब्यावरची एक वाळकी फांदी मात्र त्याच्याहून महाग पडते. आमच्या गुलमोहराखाली काय असतं? सेक्रेटरींची गाडी. सावली छान पडते म्हणून.

झाडं माणसाचा जीव घेत नाहीत, असं कोण म्हणेल? २०१७च्या जुलैत चेंबूरला नारळ कोसळून रस्त्यानं चाललेल्या एका बाईंचा जीव गेला. म्हणून तर तपासणी नीट हवी. पण आमच्याकडे तपासणी होण्याआधी तयारी होते. गुलमोहराची मुळं वरवरच पसरतात हे ठाऊक असूनही गेल्या वर्षी बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवले. पाइपलाइनसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडली. वायरींना लागतात म्हणून त्याच बाजूच्या फांद्या साफ केल्या. पायाखालची जमीन काढली, तोल घालवला, आणि आता तक्रार काय, तर झाड धोकादायक आहे!

१९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात जिवाला किंवा मालमत्तेला धोका असलेलं झाड पाडायला वाट ठेवलीय. ती हवीच. पण त्या वाटेवर गर्दी फार. ज्या भूखंडावर इमारत उठायची असते, तिथली झाडं नकाशा मंजूर व्हायच्या सुमारास अचानक आजारी पडतात. साथच म्हणायची.

ज्यांची वाट पाहण्याची तयारी नसते, ते आजार स्वतःच पुरवतात. घाटकोपरच्या छेडानगरात जाहिरातफलक नीट दिसावेत म्हणून झाडांना विष घातल्याची तक्रार खुद्द महापालिकेनं पोलिसांत केली होती. आड येणाऱ्या झाडांवर एवढी बारीक नजर. पण चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना एकशेवीस बाय एकशेवीसचा फलक तिथे उभा राहिला, त्याला ठोकून कुणी पाहिलं नाही. १३ मे २०२४ रोजी वादळात तो पेट्रोल पंपावर कोसळला. सतरा माणसं गेली. झाडाला निदान मुळं तरी असतात.

आमच्या गुलमोहराचा निकाल अजून लागायचाय. तोवर मीही एक कागद फलकावर लावलाय : 'सदर गाडी धोक्याच्या जागी उभी असून ती दहा फूट सरकवावी.' खाली मुद्दाम लिहिलंय, की या कामासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागत नाही.

आज आठवडा झाला. माझा कागद कुणीतरी काढून टाकलाय. गाडी सावलीतच आहे.