भिडेपोटी व्हायरस

अमळनेरला कॉम्प्युटरचं अप्रूप असू नये. वनस्पती तूप काढायला १९४५ साली इथे निघालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनीच पुढे विप्रो झाली आणि साऱ्या जगाचे कॉम्प्युटर सांभाळू लागली. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर मात्र अजून रामभरोसे आहे.

लग्नसराईत त्याचे हाल बघवत नाहीत. सकाळी पत्रिकेचं कोरल डिझाइन, दुपारी पीक विम्याचे कागद, संध्याकाळी कुणाचा तरी कॉलेजचा प्रोजेक्ट. प्रत्येकाचा पेन ड्राइव्ह वेगळा आणि यूएसबीचं भोक एकच. दुकानदाराने ‘आधी स्कॅन करतो’ म्हणायचा अवकाश, गिऱ्हाईक दुखावतं. ‘काही नई व्हत भो, लाव ना!’ त्यातून पेन ड्राइव्ह गुरुजींचा किंवा साहेबांचा असेल, तर स्कॅन करणं म्हणजे थेट चारित्र्यावर शंका. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती व्हायरसचीही मावशी लागते.

घरी गेल्यावर पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात. मूळ फाइली व्हायरसने लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग तोच अदबीने खरा फोल्डर उघडून देतो, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. तक्रार झालीच तर गल्लीतला जाणकार पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतो आणि साखरपुड्याचे फोटो जातात. खरं तर फॉरमॅट करेपर्यंत ते तिथेच असतात. कॉम्प्युटर साफ करून अॅट्रिब नावाची एका ओळीची कमांड दिली की पुन्हा दिसू लागतात. पण एका ओळीच्या इलाजावर जाणकाराचा मान कसा राहणार?

पूर्वीचे व्हायरस तरी सभ्य होते. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी फ्लॉपीतून पसरणारा ‘ब्रेन’ लिहिला, तो स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर आत घालून! आपल्याकडेही दोन भाऊ निघाले, पण औषधवाले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे रहिमतपूरचे कैलास काटकर आणि अँटीव्हायरस लिहिणारे धाकटे संजय यांनी क्विक हील उभी केली. २०१६ साली ती शेअर बाजारातही गेली. मराठी माणूस धंद्यात मागे पडतो म्हणणाऱ्यांनी लोकांच्या भिडेवर किती मोठा धंदा होतो, ते पाहावं.

एके काळी पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालायचा. कॉन्फिकर नावाचा व्हायरस त्याही वाटेने हिंडला. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधलीही ही सोय बंद केली. तेव्हापासून ते काम माणूस स्वतः डबल-क्लिक करून निष्ठेने करतो.

यात अमळनेरनेच लाजावं असं काही नाही. इराणच्या नतान्झमधली अणुयंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली होती, तरी स्टक्सनेट नावाचा व्हायरस पेन ड्राइव्हवर बसून आत शिरला आणि त्याने सेंट्रिफ्यूज बिघडवले. त्याला तर क्लिकचीही गरज नव्हती; फोल्डर नुसता उघडून पाहिला तरी पुरे. २०१० साली तो उघडकीस आला तेव्हा सर्वाधिक लागण झालेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियाच्या मागोमाग आपलाच नंबर होता. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम इकडेतिकडे टाकले. पहिला सहा मिनिटांच्या आत कॉम्प्युटरला लागला आणि निदान ४५ टक्क्यांमधल्या फाइली लोकांनी उघडल्या. तिथे तर भीड घालायला समोर कुणी पाहुणाही नव्हता.

दुकानदाराला जमण्यासारखं बरंच आहे. विंडोज आणि अँटीव्हायरस अपडेट ठेवावेत. फाइलींच्या नावांची शेपटं (एक्स्टेन्शन) दिसतील अशी सेटिंग करावी, म्हणजे फोल्डरचं चित्र लावून बसलेली ईएक्सई फाइल ओळखता येते. गिऱ्हाइकांच्या कामासाठी वेगळा कॉम्प्युटर असला तर उत्तमच. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावताना ज्यांना भीड पडत नाही, त्यांनी तिच्याखाली ‘पेन ड्राइव्ह आधी स्कॅन होईल’ एवढं छापून घ्यावं. आता त्या पाटीचं डिझाइन फ्लेक्सवाल्याकडे कशात घालून न्यायचं, तेवढं ठरायचं आहे.