रा. रा. ओव्हाल्ब्युमिन यांस अनावृत पत्र

रा. रा. ओव्हाल्ब्युमिन, मुक्काम अंड्याचा पांढरा बलक, यांसी,

कृतानेक नमस्कार विनंती विशेष. मलमलीच्या फडक्यातून गाळलेले आणि दहापट पाण्यात मिसळलेले असे आपण दर वर्षी आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रातून हजर होता, विद्यार्थ्यांच्या हातून नाना प्रकारचा छळ मुकाट्याने सोसता आणि सायंकाळी मोरीवाटे आपली रवानगी होते. इतका जुना परिचय असूनही आपल्या वर्तनाविषयी चार स्पष्ट शब्द आपणांस कोणी सुनावले नाहीत, म्हणून ते अप्रिय काम प्रस्तुत लेखकाने अंगावर घेतले आहे. फिर्याद थोडक्यात अशी की, आपल्या वागण्याने आमच्या प्रयोगवहीची शिस्त बिघडते.

या वहीचा महिमा आपणांस ठाऊक नसेल. तीत कृती, निरीक्षण आणि अनुमान असे तीन रकाने असतात. पैकी निरीक्षणाच्या रकान्यात ‘पांढरा साका आला’ आणि अनुमानाच्या रकान्यात ‘प्रथिनाचे विकृतीकरण झाले’ असे लिहावयाचे, हा शिरस्ता वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे वह्यांसकट वारसाहक्काने येत असतो. होतकरू विद्यार्थी हे दोन्ही रकाने आदल्या रात्रीच सुवाच्य अक्षरात भरून आणतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी प्रयोग करण्याची विशेष निकड उरत नाही. एकच पुरावा, एकच गुन्हा, एकच निकाल: इतका सुटसुटीत कारभार मोगलाईतही नसेल.

प्रथम आपल्या सद्‌वर्तनाची नोंद करणे न्यायाचे होईल. परीक्षानळी तिरपी धरून वरचा भाग ज्योतीवर तापविला असता खालचा द्राव नितळ राहतो आणि वरती दुधाळ ढग जमून त्याचे पाहता पाहता घट्ट पांढरे दही होते. बलकातील आपले शेजारी ओव्होट्रान्स्फेरिन साठ-एकसष्ट अंशांच्या सुमारासच धीर सोडतात. आपण मात्र ऐंशी अंशांपर्यंत तग धरता. पुढे आपल्या ३८५ अमिनो आम्लांच्या साखळीची घडी उलगडते, आत दडविलेले जलविरोधी भाग बाहेर पडून परस्परांस बिलगतात, गंधकाचे गट नवी सोयरीक जुळवितात, आणि पाणी कितीही ओतले तरी आपण पुन्हा विरघळत नाही. साकाही आला, विकृतीकरणही झाले. वही संतुष्ट, परीक्षक संतुष्ट. आपण येथेच थांबला असता तर या पत्राचे प्रयोजन पडले नसते.

परंतु त्याच टेबलावर अमोनियम सल्फेटची बाटली असते. शेतकरी जे खत म्हणून शेतात टाकतो तेच हे मीठ. ते बारीक कुटून, चिमटीचिमटीने, काचकांडीने हलक्या हाताने ढवळीत आपल्या द्रावात घालावे लागते, कारण घाई करून फेस आणला तर त्या फेसाच्या पापुद्र्यावर आपली घडी खरोखरच मोडते. द्राव अर्धा संपृक्त झाला की ग्लोब्युलिने खाली बसतात, आपण राहता. ती गाळून काढून संपृक्ततेपर्यंत मीठ घालीत गेले की अखेर आपणही खाली बसता. साका पांढरा आणि दिसावयास थेट पहिल्यासारखा. विद्यार्थी विश्वासाने ‘विकृतीकरण झाले’ असे लिहितो न लिहितो तोच कोणी खोडसाळ मुलगा त्या साक्यावर साधे पाणी ओततो, आणि आपण जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने विरघळून नितळ होता! याला काय म्हणावे? मिठाच्या आयनांनी भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून घेतल्यामुळे आपणांस द्रावात ठाव उरला नाही, म्हणून आपण आपल्या सोबत्यांना धरून खाली बसला. अंगावरची एक घडीही हलली नव्हती, ही आपली कैफियत आम्ही ऐकून आहोत. पण वहीत चौथा रकाना नाही.

यात आपणांस मोठमोठ्यांनी पाठीशी घातले, हे अधिक क्लेशदायक आहे. प्राग येथील फ्रान्झ होफमायस्टर यांनी १८८८ साली, कोणते क्षार अंड्यातील प्रथिनांस किती जोराने खाली बसवितात याची श्रेणी लावली. तेवढ्यावर थांबले असते तर चालले असते, परंतु त्याच सुमारास याच अमोनियम सल्फेटच्या साहाय्याने त्यांनी आपले स्फटिकही मिळविले. आता, ज्याची घडी विस्कटली आहे असा पदार्थ स्फटिकाच्या ओळीत बिनचूक उभा राहील काय, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर त्यास वर्गाबाहेर काढण्यापलीकडे आमच्या हाती उपाय नाही. बाजारात तर उघड अनाचार चालतो: कित्येक एन्झाइमे ३.२ मोलर अमोनियम सल्फेटमध्ये, साक्याच्याच अवस्थेत, बाटलीबंद करून विकली जातात, आणि गिऱ्हाइकाने ती बाहेर काढून पातळ करताच इमानाने काम करू लागतात. आमच्या वहीप्रमाणे ती सारी मृत आहेत.

याच्या उलट टोकाचा आपला अपराध याहून गंभीर, कारण तो डोळ्यांस दिसतच नाही. आपल्या द्रावात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पुरेसे घालून तो उकळला, तर नळी शेवटपर्यंत स्वच्छ राहते. विद्यार्थी ‘बदल नाही’ असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः आत आपली वाताहत झालेली असते. सर्व रेणूंवर सारखाच धनभार चढल्याने ते एकमेकांस जवळ येऊ देत नाहीत, एवढ्याचमुळे ती झाकली जाते. पुढे कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने घालीत सामू साडेचारच्या आसपास आणला, म्हणजे जेथे आपल्यावरील धन आणि ऋण भारांची वजाबाकी शून्य होते तेथे आणला, की पांढऱ्या चिंध्या तरंगू लागतात. सोड्याचे चार थेंब अधिक पडले की त्या पुन्हा नाहीशा होतात. पण त्या चिंध्या असतानाच नळी उकळली तर त्या कायमच्या घट्ट होतात आणि मग आम्ल वा सोडा बेताने घालून काही उपयोग होत नाही. म्हणजे विकृती आधी, साका नंतर, आणि साकळणे त्याहून नंतर! तीन निरनिराळ्या घटना निरनिराळ्या वेळी घडवून आणण्याचा हा अधिकार आपणांस कोणी दिला?

पेकिंगचे शिएन वू यांनी १९३१ साली आपल्या वतीने जी बाजू मांडली तीही आम्ही वाचली आहे. विकृतीकरणात साखळी तुटत नाही, नीट बांधलेल्या पागोट्याचे पेच सुटावेत पण कापड कोठे फाटू नये, तशी केवळ रचना ढासळते, असा तिचा मथितार्थ. पुढे अँफिनसेन यांनी रायबोन्यूक्लिएज घेतले, आठ मोलर युरिया आणि मरकॅप्टोइथॅनॉल घालून त्याचे गंधकाचे चारही सेतू तोडले, त्याची सारी क्रियाशीलता घालविली, आणि ती रसायने काढून टाकून हवेत ठेवल्यावर ती क्रियाशीलता परत आलेली दाखविली. या सबंध खटल्यात विकृतीचा साका म्हणून कोठे दाखल झाला नाही. तरीही त्या गृहस्थांस १९७२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला; आमच्या परीक्षेत त्यांचे निरीक्षणाचे गुण गेले असते. उकळण्याचा निकाल तरी अखेरचा असेल म्हणावे, तर २०१५ साली आपल्याच बलकातील लायसोझाइमला उकडलेल्या अंड्यातून युरियात विरघळवून, वेगाने फिरणाऱ्या नळीत पुन्हा घडीवर आणल्याचे प्रसिद्ध झाले. अपिलाला काही मुदत असावी की नाही?

अल्कोहोलाविषयी थोडक्यात लिहितो. आमच्या उन्हाळी प्रयोगशाळेत ते आपणांस खाली बसविते आणि थोड्या वेळात बिघडवूनही टाकते. हार्वर्डच्या एडविन कोन यांनी महायुद्धाच्या काळात तेच अल्कोहोल शून्याखालील थंडीत मोजून मापून वापरले आणि रक्तातील अल्ब्युमिन इतके धडधाकट वेगळे काढले की ते जखमी सैनिकांच्या शिरेत सोडता आले. रसायन एक, साका एक, फरक काय तो थर्मामीटरचा; आणि आमच्या प्रयोगशाळेतील थर्मामीटर बहुधा कपाटात कुलूपबंद असतो.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. लघवीतील अल्ब्युमिन पाहण्याची जुनी रीत हीच: नळीचा वरचा भाग तापवावयाचा आणि गढूळपणा येतो का ते पाहावयाचे. पण जुने वैद्यक एवढ्यावर विसंबून राहत नसे. तापविल्याने फॉस्फेटेही खाली बसतात, म्हणून ॲसिटिक आम्लाचे दोन थेंब टाकीत. गढूळपणा गेला तर फॉस्फेट, टिकला तर प्रथिन. ज्याच्या मूत्रपिंडाचा प्रश्न असे, त्याच्यासाठी एक उलटतपासणी राखून ठेवण्याइतका विवेक त्या काळी दवाखान्यात होता. महाविद्यालयात कोणाचे मूत्रपिंड पणास लागलेले नसल्यामुळे तशी गरज भासत नाही.

तरी आपणांस नम्र सूचना अशी की, यापुढे आपण एकाच प्रकारे वागण्याचा मुचलका लिहून द्यावा: खाली बसणार असाल तर बिघडूनच बसावे, आणि बिघडणार असाल तर तत्काळ खाली बसावे. हे आपल्या स्वभावात बसत नसेल, तर दुसरा मार्ग एवढाच उरतो की, प्रत्येक साक्यावर पाणी ओतून तो परत विरघळतो का हे विद्यार्थ्याने पाहावे. त्यास एक परीक्षानळी, थोडे पाणी आणि पाच मिनिटे लागतील. पाणी नळाला आहे, नळ्या मांडणीत आहेत. परंतु त्या पाच मिनिटांना गुणपत्रिकेत गुण नाहीत, म्हणून ही सूचना तूर्त तहकूब ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
अनुमानाच्या रकान्याचा एक पहारेकरी