कानातली नारोशंकराची घंटा

पंचवटीत गोदेच्या काठी सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली रामेश्वराचं देऊळ बांधलं. त्याच्या तटावरची अवाढव्य घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण सांगते. पुढे झालं असं की देवाचं नाव मागे पडलं, देऊळ बांधणाऱ्याचं राहिलं आणि कीर्ती सगळी घंटेने पळवली. घसा ताणून बोलणाऱ्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणणं ही आपल्याकडची जुनी रीत. पण या घंटेचा एक गुण मान्य करायला हवा, ती वाजली की सगळ्यांना ऐकू येते. कानात वाजणाऱ्या घंटेला तेवढीही माणुसकी नसते. रात्री अकराला ती एकट्या धन्यासाठी सुरू होते. कधी शीळ, कधी रातकिडा, कधी पिठाची गिरणी. शेजारी झोपलेली बायको म्हणते, “अहो, काही वाजत नाहीये, झोपा आता.” साक्षीदार नसलेल्या या आवाजावर माणूस मग हाताला येईल ते हत्यार काढतो. काडेपेटीची काडी, केसातला आकडा, सेफ्टी पिन, पेनचं टोपण, स्कूटरची किल्ली आणि शिकलेल्या घरात कापूस लावलेली काडी. माझं म्हणणं एवढंच आहे की वाजणाऱ्या कानाला काडी नको असते, डोळा हवा असतो. आणि तो डोळा दुसऱ्याचा असावा लागतो, कारण स्वतःचा कान स्वतःला दिसावा अशी सोय निसर्गाने केलेली नाही.

आधी मळाची बाजू मांडू, कारण त्याला वकील मिळत नाही. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात केस आणि ग्रंथी असतात. ग्रंथींचा स्राव, झडलेली कातडी आणि बाहेरून आलेली धूळ यांचा मिळून मळ होतो. तो चिकट आणि किंचित आंबट गुणाचा असल्याने जंतूंना आणि बुरशीला त्यात करमत नाही, पाणी त्यावरून ओघळून जातं आणि आत घुसू पाहणारा किडा वाटेतच अडकतो. हा मळ ओला की कोरडा, हे एकाच जनुकातल्या एका अक्षराने ठरतं, असं जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं. म्हणजे तोही घराण्याचा वारसाच. पण ‘नाक अगदी आजोबांचं घेतलंय’ असं बारशात सांगणारी मंडळी या वारशाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे कानातली कातडी पडद्याकडून बाहेरच्या बाजूला आपण होऊन सरकत असते, साधारण नख वाढतं त्या गतीने, आणि मळाला सोबत घेऊन येते. जबडा हलला की या कामाला आणखी रेटा मिळतो. तेव्हा नाशिककराने सकाळी मिसळ चापली, दुपारी चिवड्याचा फन्ना उडवला आणि संध्याकाळी पारावर बसून राजकारण चघळलं, की त्या दिवसापुरती कर्णशुद्धी पार पडली असं समजायला हरकत नाही.

यावर कुणी विचारेल, कान इतका शहाणा असेल तर तो वाजतो कशाला? इथेच गंमत आहे. मळ स्वतः वाजत नाही. तो फक्त दार लावून घेतो. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी उत्तम ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते टिपून ठेवायला सांगितलं. पाच मिनिटांच्या आत त्यांतल्या ९४ टक्के लोकांना भुणभुण, शीळ, गुणगुण असं काही ना काही ऐकू आलं. म्हणजे आतली मैफल बहुतेकांच्या कानात चालूच असते. रविवार कारंज्यावरचे हॉर्न, शेजारच्यांचा टीव्ही आणि स्वयंपाकघरातला मिक्सर यांच्या कृपेने ती आपल्याला कळत नाही, इतकंच. मळाने नळी बुजली की बाहेरचं जग मंदावतं आणि आतलं पुढे येतं. नाथपंथीयांना ही गोष्ट फार आधी ठाऊक होती. ज्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून दीक्षा मिळाली, त्या परंपरेच्या ‘हठयोगप्रदीपिके’त कान झाकून आतला नाद ऐकण्याचा विधी आहे. त्यात आधी समुद्र, मेघ आणि भेरी, मग शंख आणि घंटा, शेवटी बासरी, वीणा आणि भुंगा असा चढता क्रमही लावून दिलेला आहे. साधकाला यासाठी आसन, प्राणायाम आणि गुरू लागतो. आपल्याला दडा बसलेला एक कान पुरतो. फरक एवढाच की साधक तो नाद ऐकून शांत होतो आणि आपण काडी शोधायला उठतो.

खात्री हवी असेल तर डाव्या कानात बोट घालून तोंड मिटून ‘हं’ म्हणा. आवाज बंद कानाकडेच जास्त घुमतो. डॉक्टर कपाळावर नादकाटा टेकवून कुठे मोठं ऐकू येतं असं विचारतात, ते याच न्यायाने. नळी बुजल्याने कमी ऐकू येत असेल तर काट्याचा आवाज त्याच कानाकडे झुकतो. आतली नस दुखावली असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. न कोरता, न टोचता कान आपली तक्रार अशी सांगून मोकळा होतो.

आता कापसाच्या काडीकडे वळू. १९२३ साली अमेरिकेत लिओ गर्स्टेनझांग या गृहस्थांनी ती बाळांसाठी बाजारात आणली. आज तिच्या पाकिटावर ‘कानाच्या नळीत घालू नये’ अशी सूचना छापलेली असते आणि लोक ते पाकीट कानात घालण्यासाठीच विकत घेतात. काडीचे समर्थक एक पुरावा नेहमी पुढे करतात, “बघा, काळं निघालं की नाही?” निघालं खरं, पण निघालं ते दाराशी आलेलं, चार दिवसांत आपण होऊन गळून पडणारं. उरलेलं कुठे गेलं हे त्या काडीला विचारा. ठासणीच्या तोफेत गजाने दारू ठासावी, तसं ते पडद्यापर्यंत ठासलं गेलेलं असतं. केसाळ किंवा अरुंद नळी, म्हातारपणी कोरडा होणारा मळ, दिवसभर घातलेले इअरफोन, श्रवणयंत्र यांनीही मळ अडतो, हे कबूल. पण त्या अडलेल्या मळाला आत नेण्याचं श्रेय निखालस काडीचं. मग आंघोळीत थोडं पाणी शिरतं, ठासलेला मळ फुगतो, दडा बसतो, घंटा वाजू लागते आणि घंटा थांबावी म्हणून माणूस दुसरी काडी काढतो. उपाय आणि रोग यांचं इतकं सुखाचं सहजीवन दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

नाशकात पाण्याला कानात शिरण्याचे प्रसंग भरपूर. रामकुंडातल्या बुड्या आहेत, सिंहस्थातली स्नानं आहेत, आणि रंगपंचमीला शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदांत, मारायचे धप्पे आहेत. त्यात मळाचं संरक्षण काडीने आधीच खरवडून टाकलेलं असेल आणि कातडीला ओरखडे असतील, तर जंतूंना मुहूर्त पाहावा लागत नाही. पावसाळ्यात बुरशीही मुक्कामाला येते. तिचं डॉक्टरी पुस्तकांतलं ठरलेलं वर्णन ‘ओल्या वर्तमानपत्राचा बोळा’ असं आहे, त्यावर काळे ठिपकेसुद्धा असतात. कान खाजतो, जड होतो, वाजतो. इथे घरातली वडीलधारी मंडळी लसूण घालून कढवलेलं तेल घेऊन येतात आणि आक्षेप घेतात, “आमच्या आज्यांनी जन्मभर हेच केलं, त्यांना काय झालं?” बऱ्याच आज्यांना काही झालं नाही, कारण त्यांच्या कानात मळच होता आणि तेलाने मळ मऊ होतो, हे खरं आहे. पण बुरशीच्या ओल्या कानात तेल म्हणजे पाहुण्याला आग्रहाचं जेवण, आणि पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं. डोळ्याने पाहिल्याशिवाय यातलं नेमकं काय आहे हे आजीलाही कळत नाही आणि तेलालाही. आयुर्वेदाचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. सुश्रुताने कानाचे २८ रोग वेगवेगळे सांगितले, त्यांत कर्णनाद वेगळा, मळाचा कर्णगूथ वेगळा, वाहणारा कान वेगळा. कर्णगूथावर त्याने आधी तेलाने भिजवणं, मग शेक आणि मग शलाकेने काढणं सांगितलं, पण ती शलाका वैद्याच्या हाती दिली आहे. जावयाच्या नव्हे.

तेलावरचा विश्वास ही काही आपलीच मिरास नाही. १८०१ साली बेथोव्हनने आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहून कान रात्रंदिवस गुणगुणत असल्याचं कळवलं, आणि कानासाठी बदामाच्या तेलाचा उपचार झाल्याचंही. व्हिएन्नातला नामांकित वैद्य आणि आपल्या वाड्यातली काकू यांचं एकमत झालेलं पाहून ऊर भरून येतो. पण बेथोव्हनचा बिघाड मळाचा नव्हता, त्यामुळे तेल बापडं काय करणार! त्याच व्हिएन्नात पुढे रॉबर्ट बारानी नावाच्या कानाच्या डॉक्टरने रुग्णांचे कान धुताना एक गोष्ट हेरली. पाणी गार असलं की रुग्णाला गरगरतं, पाणी अंगाच्या उष्णतेइतकं असलं की गरगरत नाही. या निरीक्षणातून सुरू झालेल्या कामाला १९१४ चं नोबेल मिळालं. मोरीत बसून नळाच्या गार पाण्याची पिचकारी कानात मारणाऱ्याला हाच अनुभव नोबेलशिवाय मिळतो, आणि वर बादलीवर आपटून टेंगूळ.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप, वाजणारा प्रत्येक कान मळानेच वाजतो असं थोडंच आहे? मुळीच नाही, आणि माझ्या म्हणण्याला यानेच बळ येतं. ‘नाशिक ढोल’ हे नाव केरळातल्या उत्सवांतसुद्धा चालतं, इतकी आपली ख्याती. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. कारखान्यात ८५ च्या पुढे कामगाराचे कान जपावेत, असं तज्ज्ञ सांगतात. पथकाच्या पुढ्यात उभं राहिलं की हे सगळे आकडे मागे पडतात. आतल्या कानात नाद टिपणाऱ्या केसपेशी सुमारे १५ हजार, आणि त्या डोक्यावरच्या केसांइतक्याच निश्चयी, एकदा गेल्या की परतत नाहीत. मिरवणुकीनंतर वाजणारा कान कोरत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नाशकात दोन्ही देवळं असल्याने हा प्रवास सोयीचा असला, तरी आग विझत नाही. वयाने, काही औषधांनी, मोठ्या मात्रेतल्या अ‍ॅस्पिरिनने किंवा क्विनाइननेही कान वाजतो. मळाची घंटा त्या मानाने भाग्याची, मळ निघाला की बहुधा थांबते. पण ती मळाचीच आहे हे ठरवायला नळीत दिवा लावून पाहावं लागतं, आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

“दोन मिनिटांसाठी अर्धा दिवस दवाखान्यात बसायचं?” हा आक्षेप व्यवहाराचा आहे, त्याला उत्तरही व्यवहाराचंच देतो. न दुखणारा, न वाहणारा, पूर्वी पडदा न फुटलेला कान थोडा जड झाला, तर औषधवाल्याकडचे मळ मऊ करणारे थेंब चार दिवस घालून वाट पाहायला हरकत नाही. कान वाहत असेल, ठणकत असेल, चक्कर येत असेल, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धकधकत असेल किंवा एकाच कानात टिकून बसला असेल, तर रांगेत बसावं. एखाद्या सकाळी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘मळ असेल’ म्हणून आठवडा काढू नये, त्याच दिवशी जावं. तिथे उशिराने गेलेलं पुष्कळदा परत येत नाही. मधुमेह असलेल्याने कानदुखीकडे कानाडोळा तर मुळीच करू नये.

उरतो शेवटचा आक्षेप आणि तोच खरा, “पण कोरताना बरं वाटतं हो!” वाटणारच. पोटापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या नसेची फांदी कानाच्या नळीत येते, म्हणून तर कान कोरताना काहींना खोकला येतो आणि काहींचे डोळे मिटतात. मी सुखाच्या विरोधात नाही. पाळी चोळा, कानामागे खाजवा, आंघोळीनंतर टॉवेलचं टोक बाहेरच्या वळणातून मनसोक्त फिरवा. आणि घरात काड्यांचं पाकीट पडलंच असेल तर टाकून देऊ नका. पेटीच्या पट्ट्यांमधली धूळ काडीने फार छान निघते. पेटी बिघडली तर दुरुस्तीला नेता येते, आणि ती बेसूर वाजते की नाही हे सांगायला शेजारी तरी साक्षीला असतात.