अमेरिकावाले आण्णा

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या मुलखातला मनुष्य घराबाहेर पडे तो बहुधा दुष्काळाच्या हुकुमाने; आटपाडी-विट्याकडचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्यासाठी हिंदुस्थानभर पसरले, तेही कोरड्या माणगंगेनेच दाखवलेल्या वाटेने. परंतु सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीस राहून येणारा आणि परतल्यावर दहिवडीच्या एस.टी. स्टँडासमोर, चहाच्या दुकानात, आपले दप्तर उघडून बसणारा जो इसम अलीकडे आढळू लागला आहे, त्याची नोंद त्या पुस्तकात असणे शक्य नव्हते. त्यास लोक ‘अमेरिकावाले आण्णा’ म्हणतात. प्रत्येक मोठ्या गावी असा एक आण्णा असतो आणि तो बहुधा निवृत्त तलाठी असतो.

आण्णांना अमेरिकेविषयी विचारू नये. “मोटारीत बसत्यात आन् घरात शिरत्यात,” एवढ्यात ते त्या खंडप्राय देशाचा निकाल लावतात. विमानतळाचा विषय निघाला, की मात्र मावळतीपर्यंत उठायचे नाही.

त्यांची पहिली तक्रार वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीविषयी असते. आपण परत येणार याचा पुरावा म्हणून आण्णांनी सातबारा, आठ-अ, वडिलोपार्जित फेरफार, विहिरीच्या नोंदीसह नकाशा आणि निवृत्तिवेतनाचा आदेश असे अनुक्रमणिकेसह बाड नेलेले असते. आणि काचेपलीकडचा साहेब त्यातील एकाही कागदास बोट न लावता, मुलगा काय करतो आणि परत केव्हा येणार एवढे दोनच प्रश्न विचारून व्हिसा मंजूर करतो. कागद न पाहता हुकूम देणाऱ्या या बेजबाबदारपणाने आण्णा व्हिसा मिळाल्याच्या दिवशीच कष्टी होतात.

पुढे सामानाचा अध्याय. एका बॅगेस तेवीस किलो, ही मर्यादा पाळण्यासाठी बॅगा कृषी सेवा केंद्राच्या काट्यावर जोखून आणलेल्या असतात, आणि विमानतळावरचा काटा त्यांत दीड किलो अधिक दाखवतो; “काटा कुणी प्रमाणित क्येलाय?” हा आण्णांचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. हातातल्या पिशवीतील ठेचा तपासणीत अडतो. शंभर मिलिलिटरहून अधिक द्रव विमानात नेता येत नाही, हे आण्णांस मान्य असते. परंतु ठेचा हा द्रव आहे, हे ठरवण्याचा अधिकार, ज्याने आयुष्यभर जिरायत कोणती आणि बागायत कोणती याचा निवाडा केला त्याच्यासमोर, मिसरूड फुटलेल्या शिपायाने बजावावा, हे त्यांस सोसत नाही. खोबऱ्याचे दुःख याहून खोल. सुके खोबरे अंगच्या तेलाने आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय विमान-नियमांनी त्याची गणना धोकादायक मालात केली आहे. सिद्धनाथाच्या प्रसादाच्या वाट्या बॅगेतून बाहेर निघालेल्या पाहून आण्णा विचारतात, “म्हसवडच्या रथावर गुलाल-खोबरं उधळत्यात, रथ कवा प्येटला का?” या युक्तिवादाचे खंडन, माझ्या मते, कोणत्याही हवाई खात्याने अद्याप केलेले नाही.

व्हीलचेअरविषयी ते थोडे हळू बोलतात. शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटाने कावडीला हात लावून चढलेला हा गडी, इंग्रजीची अडचण टाळावी म्हणून मुलाने तिकिटावरच मागून ठेवलेल्या त्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसतो, आणि रांगेतील तरुण मंडळी वाट देताना आदराने पाहू लागली, की गुडघ्यावरून उगीच हात फिरवतो. अर्थात परदेशी उतरल्यावर कधी कधी खुर्ची येत नाही, आणि मग पासपोर्टच्या रांगेत तास-दीड तास उभे राहणे प्राप्त होते. “टँकरच्या रांगंत हंडा ठिवून घरी जाता येतं,” आण्णा म्हणतात, “हितं आपुनच हंडा.”

या रांगेच्या टोकाशी आण्णांच्या जीवनातील सर्वांत मोठा अवमान दबा धरून बसलेला असतो. अंमलदार त्यांना काचेच्या यंत्रावर बोटे टेकवण्यास सांगतो. आता अंगठा हा कोणी उठवावा, तर ज्यास सही येत नाही त्याने. असे हजारो अंगठे आण्णांनी शाई लावून स्वहस्ते उठवून घेतले, खाली ‘निशाणी डावा अंगठा’ असे वळणदार अक्षरात लिहिले, आणि त्या प्रत्येक वेळी आपण साक्षर असल्याचे समाधान भोगले. ते खिशातील पेन काढून “सही! सही!” असे अंमलदारास बजावतात. तो चारही बोटे मागतो, मग अंगठा, मग दुसरा हात. दहाही बोटांनी निरक्षर ठरलेले आण्णा बाहेर येतात तेव्हा मुलगा मिठी मारतो, सून वाकून नमस्कार करते. आण्णा फक्त एवढेच विचारतात, की याविरुद्ध अपील कुठे करतात.

एवढे भोगूनही पुढच्या वर्षी ते पुन्हा जातात, आणि पंचक्रोशीतील कोणाही जाणाऱ्याने आण्णांच्या तपासणीवाचून जायचे नाही, असा प्रघात पडतो. परवा गोंदवल्याचे एक जोडपे मुलीकडे जाण्यापूर्वी त्यांचा सल्ला घेण्यास आले. आण्णांनी चष्मा लावला, पासपोर्ट उलटसुलट पाहिले, तिकिटांवरील स्पेलिंग अक्षरागणिक ताडले, विम्याचा कागद उजेडात धरला आणि सारे पुन्हा पिशवीत घालून त्यांच्या हाती दिले.

“झेरॉक्स दोन-दोन लागत्यात. उद्या अकरानंतर या.”